आधी यादी, मग कौल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांचा आग्रह असे की महापालिकेविषयी बोलायचे तर तिचे अंदाजपत्रक पुढ्यात घेऊन बोलावे. तो आग्रह मानून आज मी सार्वजनिक बागांविषयी बोलणार आहे. झाडाफुलांविषयी थोडे आणि पैशाविषयी पुष्कळ. बागा सुधारायला शहराने कर्ज काढायचे असेल, तर ते फेडणाऱ्या नागरिकाला आधी विचारावे का, आणि विचारायचे ठरलेच तर त्याच्यापुढे नेमके काय ठेवावे, हा माझा विषय.

उदाहरण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे घेतो. आठ-सव्वाआठ लाख वस्तीचे, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले, वाढायला जागा न उरलेले शहर. तिथल्या पालिकेकडे दोनशेहून अधिक बागा आणि मैदाने आहेत. २०१७ साली, प्रत्येक रहिवाशाच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर बाग असलेले अमेरिकेतले पहिले शहर म्हणून त्याचे नाव झाले. पण बाग जवळ असणे वेगळे आणि बाग धड असणे वेगळे. तिथल्या कित्येक बागांतल्या इमारती भूकंपात तग धरतील अशा नव्हत्या, जमिनीखालचे नळ जुनाट झाले होते, शौचालये बंद पडत होती. वर्षाच्या उत्पन्नातून ही कामे उरकणे शक्य नव्हते. कर्ज काढणे भाग होते.

आणि तिथे कर्ज काढायचे म्हणजे मतदारांकडे जायचे. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेपासून हा नियम आहे: शहराने असे दीर्घ मुदतीचे कर्ज काढायचे तर मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा होकार हवा. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी मालमत्ता करावर आणखी कडक बंधन घातले. कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याच्या वर जायचा नाही, आणि ते मूल्य मालमत्ता विकली जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही. रोखे फेडायला जादा कर बसवता येईना, त्यामुळे कर्जरोख्यांची, म्हणजे अशा कर्जाची, वाटच बंद झाली. १९८६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ती पुन्हा उघडली, पण अट राहिली. दोन तृतीयांश लोकांनी मान्य केले तरच एक टक्क्याच्या वर कर बसवून रोखे फेडता येतील. आणि तो पैसा जागा घेण्यासाठी किंवा जागेवरच्या बांधकाम-सुधारणेसाठीच वापरायचा. पगाराला नाही, रोजच्या देखभालीला नाही. ही दुसरी अट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

दोन तृतीयांश ऐकायला सोपे वाटते. हिशेब असा की प्रत्येक नकाराला दोन होकार लागतात. जून २०२२ मध्ये याच शहराने सार्वजनिक वाहतुकीच्या सुधारणेसाठी ४० कोटी डॉलरचे रोखे मतदारांपुढे ठेवले. पासष्ट टक्क्यांनी होकार दिला आणि प्रस्ताव पडला. शंभरातली पासष्ट माणसे हो म्हणत असताना काम अडावे ही अट मला स्वतःला जाचक वाटते. साठ टक्क्यांवर थांबायला हरकत नव्हती असे माझे मत आहे. पण या जाचातून एक गोष्ट निपजली. अधिकाऱ्यांना कागद नीट लिहावा लागला. शंका असलेला माणूस नाहीच म्हणतो, त्यामुळे शंकेला जागा ठेवून चालत नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये बागांसाठी १८ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे मतदारांपुढे आले. त्याचा तपशील मी मुद्दाम वाचून दाखवतो, कारण माझे सगळे म्हणणे या तपशिलातच आहे. वस्त्यांमधल्या बागांच्या दुरुस्तीला ११ कोटी ७४ लाख. बंदर खात्याच्या ताब्यातल्या किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागांना ३ कोटी ३५ लाख. शौचालयांना १ कोटी १४ लाख. खेळाच्या मैदानांना ८५ लाख. पायवाटांना ५० लाख, झाडांच्या कामांना ४० लाख. वस्तीतल्या लोकांनी स्वतः सुचवलेल्या कामांना ५० लाख. आणि उरलेले साधारण दोन लाख डॉलर हिशेब-तपासणीला.

यातले पहिले कलम फोडून सांगितलेले होते. कोणत्या बारा बागा, त्यांची नावे, प्रत्येकीला किती रक्कम. निवड कशावरून केली तेही सांगितले होते: भूकंपाचा धोका कुठे मोठा आहे आणि मोडतोड कुठे जास्त आहे. म्हणजे मिशन नावाच्या वस्तीतल्या आईला मत देण्याआधी कळत होते की आपल्या मुलांचे मैदान यादीत आहे की नाही. ज्याची बाग यादीत नव्हती त्यालाही कळत होते, आणि तो विचारू शकत होता की माझी का नाही.

शौचालयांच्या कलमावर थोडे थांबतो. एखाद्या योजनेत शौचालयाला स्वतंत्र ओळ मिळते तेव्हा ती योजना बागेत खरोखर जाणाऱ्या माणसाने लिहिलेली असते. आजी नातवाला घेऊन बागेत किती वेळ बसू शकते हे तिथल्या शौचालयावर ठरते. आपल्याकडे बागेच्या सुशोभीकरणाचे प्रस्ताव पाहा: प्रवेशद्वार, कारंजे, एलईडी दिवे. शौचालय शोधावे लागते. सापडलेच तर त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

लोकांनी सुचवलेल्या कामांचे ते ५० लाखही तसेच महत्त्वाचे. वस्तीतल्या मंडळींनी काम सुचवायचे आणि स्वतःचा वाटा घालायचा, देणगीचा किंवा श्रमदानाचा. श्रमदानाची किंमत धरली जाई. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, १९ कोटी ५० लाख डॉलरचे पुढचे रोखे आले तेव्हा हे कलम ५० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर गेले, आणि मोडक्या क्रीडांगणांसाठी १ कोटी ५५ लाखांचे नवे कलम आले. पहिल्या यादीतून पालिका काहीतरी शिकली होती, हे दुसऱ्या यादीत दिसते.

आता यादीतली एक बाग जवळून पाहू. डोलोरेस पार्क ही उताराची, चांगली ऐसपैस बाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे ज्यू समाजाची स्मशानभूमी होती. १९०५ मध्ये शहराने ती जागा बागेसाठी घेतली, आणि पुढच्याच वर्षी भूकंप आणि आगीने शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा बेघरांच्या छावण्या तिथे पडल्या. आता ऊन पडलेल्या शनिवारी तिथे हजारो माणसे गवतावर पसरलेली असतात. एवढ्या गर्दीला शौचालये अगदीच तुटपुंजी होती, पाण्याचा निचरा होत नव्हता, खालच्या अंगाचे गवत चिखलात जाई. २००८ च्या यादीत या बागेपुढे १ कोटी ३२ लाख डॉलर लिहिले होते. प्रत्यक्षात काम २ कोटी ५ लाखांपर्यंत गेले. बाग एकदम बंद केली नाही. आधी उत्तरेचा अर्धा भाग केला, तो जून २०१५ मध्ये उघडला, मग दक्षिणेचा, तो जानेवारी २०१६ मध्ये. मतदान ते शेवटचे फाटक उघडणे, आठ वर्षे.

आठ वर्षे हा थोडा काळ नाही, आणि वाढलेल्या खर्चाकडेही मी डोळेझाक करत नाही. अंदाज चुकतात, आपल्याकडे चुकतात, तिथेही चुकतात. फरक एवढाच की तिथे चूक मोजता आली. मूळ आकडा मतदाराच्या हातात छापील होता. कितीचे किती झाले हे विचारायला माहितीचा अधिकार वापरावा लागला नाही. आणि मतदानापासून निविदेपर्यंत किती वर्षे जातील, तोवर सिमेंट-मजुरी किती चढेल, याचे गणित मांडल्याशिवाय यादीतला आकडा खरा होत नाही, हा धडा डोलोरेस पार्कने दिला. रोख्याची योजना आखणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला पाहिजे. आराखडा देखणा असून भागत नाही. काम सुरू होईल त्या वर्षीचा भाव त्यात हवा.

मतदारापर्यंत हे सगळे कसे पोहोचते? निवडणुकीआधी प्रत्येक मतदाराला घरपोच एक पुस्तिका येते. प्रत्येक प्रस्ताव सोप्या भाषेत लिहायला पाच जणांची एक समिती असते. साधारण आठवीच्या मुलाला कळेल अशी भाषा ठेवायची हा त्यांचा दंडक. आज स्थिती काय आहे, प्रस्ताव काय आहे, हो म्हटल्याने काय होईल, नाही म्हटल्याने काय होईल. त्याखाली शहराच्या मुख्य हिशेबनीसाचे निवेदन: इतके कर्ज, इतके व्याज, घरमालकाला वर्षाला कमाल इतका कर पडेल. मग बाजूने लिहिलेला मजकूर आणि विरोधात लिहिलेला मजकूर. सरकारी खर्चाने छापलेल्या पुस्तिकेत सरकारच्याच प्रस्तावाला विरोध छापून येतो! मला या गोष्टीचे फार मोल वाटते.

आणि प्रचार पालिकेने करायचा नाही. याविषयीचा कॅलिफोर्नियातला महत्त्वाचा निवाडा योगायोगाने उद्यान-रोख्यांवरूनच झाला. जून १९७४ मध्ये राज्यभरात उद्यान-रोख्यांवर मतदान होते. राज्याच्या उद्यान खात्याचे संचालक विल्यम मॉट यांच्यावर एका करदात्याने दावा लावला की खात्याचा पैसा होकाराच्या प्रचाराला वापरला गेला. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खात्याने माहिती जरूर द्यावी, दोन्ही बाजू सरळ मांडाव्यात. पण मत मिळवायला सरकारी तिजोरीला हात लावू नये. मॉट हे उद्यानांचे मोठे जाणकार गृहस्थ, पुढे ते साऱ्या देशाच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे प्रमुख झाले. त्यांच्या हेतूविषयी शंका घ्यायचे कारण नाही. पण हेतू चांगला असला तरी नागरिकाच्या पैशाने नागरिकाचे मत वळवायचे नाही, ही रेषा त्या निवाड्याने आखली.

रोखे मंजूर झाल्यावर काय? मार्च २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनीच एक देखरेख समिती निर्माण केली. नऊ नागरिक, आणि रोख्यांच्या रकमेतला एक दशांश टक्का तिच्या तपासणीच्या खर्चाला राखून ठेवलेला. म्हणजे तपासणीसाठी दरवर्षी कोणाकडे हात पसरायला नको. समितीला एखादे काम वाईट चाललेले दिसले तर ती उरलेले रोखे काढू नका असे सांगू शकते. रोखे एकदम विकत नाहीत, टप्प्याटप्प्याने विकतात, त्यामुळे या सांगण्याला अर्थ आहे.

याहून मोठी शिस्त रांगेची. २००६ च्या सुमारास शहराने दहा वर्षांचा भांडवली कामांचा आराखडा करायला सुरुवात केली आणि स्वतःवर एक बंधन घातले: जुने रोखे फिटत जातील तसे नवे काढायचे, म्हणजे रोख्यांपायी बसणारा मालमत्ता कराचा दर २००६ च्या पातळीच्या वर चढणार नाही. त्यामुळे प्रत्येक खात्याला आपली पाळी ठाऊक असते. २००८ मध्ये बागा, त्याच वर्षाअखेर सार्वजनिक रुग्णालयाची नवी इमारत, २०१० मध्ये भूकंप-सुरक्षा, २०११ मध्ये रस्ते, २०१२ मध्ये पुन्हा बागा. उद्यान खात्याला पुढच्या पाळीपर्यंत मधली वर्षे मिळतात. कुठल्या बागेचे छत गळते, कुठल्या तलावाची मोटर गेली, हे मोजायला ती पुरतात. मतदानाच्या सहा महिने आधी घाईने यादी करावी लागत नाही.

२०२० मध्ये मात्र बागांचे २३ कोटी ९० लाख डॉलर एकटे आले नाहीत. मानसिक आरोग्य आणि बेघरांसाठी २० कोटी ७० लाख, रस्त्यांसाठी ४ कोटी १५ लाख, आणि बागा, असा ४८ कोटी ७५ लाखांचा एकच प्रस्ताव होता. करोनाचे वर्ष होते, लोकांना रोजगार हवा होता, रस्त्यावर माणसे झोपत होती. कारणे समजतात. तरी मला ही मोट पटत नाही. ज्याला बागा हव्या आहेत पण रस्त्यांचे कलम नको, त्याने काय करायचे? एका प्रश्नात तीन प्रश्न घातले की उत्तराचा अर्थ पुसट होतो. प्रस्ताव सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाला, जसे २००८ आणि २०१२ चे झाले होते. जिंकला म्हणून प्रश्न नीट विचारला होता असे होत नाही.

२०२० च्या बागांच्या यादीतले एक नाव मात्र सांगितलेच पाहिजे: चायनाटाउनमधला पोर्ट्समथ स्क्वेअर, ५ कोटी ४० लाख डॉलर. भोवतालच्या इमारतींमध्ये एकेका खोलीत आख्खी कुटुंबे राहतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मजल्यावर सामाईक. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्या वस्तीतले म्हातारे दिवसभर त्या चौकात पत्ते आणि बुद्धिबळ खेळत बसतात. तो चौक म्हणजे त्यांच्या घराचा उरलेला भाग आहे. इथे बाग सुधारणे म्हणजे घरे सुधारणे.

यातले बहुतेक लोक भाडेकरू. शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती भाड्याने राहते. त्यांना वाटेल, कर घरमालक भरतो, आपल्याला काय? पण भाडेनियंत्रणाखालच्या घरांत रोख्यांमुळे वाढलेल्या कराचा अर्धा भाग मालकाला भाडेकरूकडून घेता येतो, गरीब भाडेकरूला त्यातून सूट मागता येते. कर्जाला मत देणारा भाडेकरूही त्या कर्जाचा भागीदार होतो. मला हे न्याय्य वाटते, सूट मागण्याचा अर्ज सोपा असेल तोवर.

आता त्या दुसऱ्या अटीकडे येतो. रोख्यांच्या पैशातून माळ्याचा पगार देता येत नाही. नियम योग्यच आहे. घर बांधायला माणूस कर्ज काढतो, महिन्याचा किराणा कर्जावर भरत नाही. पण नवी हिरवळ पाण्यावाचून एका उन्हाळ्यात जळते. नवे शौचालय झाडणाऱ्यावाचून आठवड्यात बंद पडते. मतदाराच्या होकाराने उभी राहिलेली बाग देखभालीवाचून मोडली, तर पुढच्या वेळी तोच मतदार नाही म्हणेल, आणि त्याचे चुकणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोने यासाठी वेगळी तजवीज केली आहे. १९७४ पासून मालमत्ता कराचा ठरावीक वाटा मोकळ्या जागांच्या निधीत जातो. जून २०१६ मध्ये मतदारांनी त्यापुढे जाऊन ठरवले की पालिकेने सर्वसाधारण निधीतून बागांवर दरवर्षी किमान ६ कोटी ४० लाख डॉलर खर्च करायचे, आणि पुढची दहा वर्षे त्यात सहसा वर्षाला ३० लाखांची भर घालायची. सोबत एक अटही घातली: गरीब वस्त्यांतल्या बागांवर किती खर्च होतो आणि बाकीच्या वस्त्यांत किती, याची मोजदाद करून ती जाहीर करायची. रोखे हे कामाचे अर्धेच अंग. हा २०१६ चा ठराव दुसरे अंग.

आपल्याकडे कर्जरोखे नवीन नाहीत. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदले. वर्षाचे व्याज १५ कोटी १८ लाख. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडनेही रोखे काढले. आपल्या कायद्यात नागरिकांचा कौल घेण्याची तरतूद नाही. मुख्य सभेचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी पुरते. जे झाले ते कायद्याला धरून झाले.

पण ही गोष्ट पाहा. पालिकेचे रोखे विकत घेणाऱ्यासाठी माहितीपत्रक असते. त्यात पालिकेचे उत्पन्न, देणी, चालू खटले, प्रकल्पाचा खर्च, सगळे असते. पतमानांकन संस्था कागद तपासतात. पैसे उसने देणाऱ्याला हे मिळते, आणि मिळायलाच हवे. जो कर भरून ते पैसे फेडणार आहे त्याच्या दारात मात्र एक पानही पडत नाही. तो पुढे वर्तमानपत्रात वाचतो की अमुक कामाचा निधी तमुक कामाकडे वळवला, वर्गीकरणाचा प्रस्ताव मंजूर झाला. बागेच्या कमानीवर कोणाच्या संकल्पनेतून हे झाले ते लिहिलेले असते. किती पैशातून झाले, आणि त्यातले कर्ज किती, ते नसते.

कायदा बदलायला वेळ लागेल. यादी छापायला लागत नाही. पुण्याने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवून अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे विचारण्याची सवय आपल्याला अगदीच नवी नाही. उद्या एखाद्या महापालिकेने बागांसाठी, नदीकाठासाठी किंवा मैदानांसाठी रोखे काढायचे ठरवले, तर आधी प्रत्येक प्रभागातल्या बागांची पाहणी करून, काय मोडले आहे ते लिहून, काम सुरू होईल त्या वर्षीच्या भावाने खर्च मांडून, ती यादी मालमत्ता कराच्या बिलासोबत घरोघरी पाठवता येईल. बिल तर जातेच. त्याच पाकिटात विरोधी बाजूचा मजकूर घालता येईल. प्रभागात सभा घेऊन हात वर करून कौल घेता येईल. तो बंधनकारक नसेल, पण डावलायला अवघड जाईल. आणि रोख्यांचा एक दशांश टक्का देखरेखीला बाजूला काढता येईल. २०० कोटींचा एक दशांश टक्का म्हणजे २० लाख रुपये. त्यात एक स्वतंत्र हिशेबनीस आणि एक स्थापत्य अभियंता कामांवर पाठवता येतो, आणि नऊ नागरिकांच्या समितीला दर तीन महिन्यांनी त्यांचा अहवाल मिळू शकतो.

त्या समितीने पहिल्याच बैठकीत एक कागद मागावा: यादीतल्या प्रत्येक बागेपुढे किती माळी आणि किती सफाई कामगार लागतील, आणि त्यांचा पगार महसुली अंदाजपत्रकात कोणत्या पानावर धरला आहे. तो कागद हाती येईपर्यंत पहिली निविदा निघू देऊ नये.